वनोपज संशोधन व विकास, विदर्भातील

जंगलातून मिळणारे लाकूड, बांबू, पाने, फुले, डिंक आणि लाख यांची वाढ, तोड, वाळवण, साठवण व त्यांच्यापासून वस्तू बनवणे या सर्व टप्प्यांचा शास्त्रीय अभ्यास, आणि त्या अभ्यासातून प्रत्यक्ष कामात होणारी सुधारणा, असा या विषयाचा आवाका आहे. विदर्भात तो मुख्यतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया व भंडारा या पूर्वेकडील जिल्ह्यांशी आणि अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाशी निगडित आहे. या भागातून कच्चा माल शतकाहून अधिक काळ बाहेर जात आला. त्यावर प्रक्रिया मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे झाली. मालाचे सर्वाधिक नुकसान होते ते तोड झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे तो माल अजून गावाच्या किंवा डेपोच्या हद्दीत असताना. त्यामुळे इथल्या संशोधनाची खरी कसोटी प्रयोगशाळेत लागत नाही, ती त्या काही आठवड्यांत लागते.

साग : विदर्भाच्या इमारती लाकडात साग पहिला. आलापल्ली आणि सिरोंचा परिसरातील साग सरळ खोडासाठी व घट्ट गाभ्यासाठी नावाजलेला आहे. आलापल्लीजवळ ‘वनवैभव’ नावाने जुन्या सागवनाचा एक तुकडा मुद्दाम न तोडता राखला आहे. पूर्वी दुर्गम रानातून ओंडके ओढायला हत्ती वापरत. अहेरी तालुक्यातील कमलापूरचा हत्ती कॅम्प ही त्या काळाची राहिलेली खूण. अयोध्येतील राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले ते मार्च २०२३ मध्ये.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने (स्थापना १९०६) भारतीय लाकडांची तुलना करण्यासाठी सागाला १०० धरण्याची पद्धत रूढ केली. इतर लाकडांचे वजन, ताकद, कठीणपणा, आकार टिकवण्याची क्षमता हे सारे त्या प्रमाणात सांगतात. गावच्या सुताराला हे कोष्टक ठाऊक नसले तरी निवड बहुधा तीच असते. ऐन या झाडाचे लाकूड सागापेक्षा जड आणि कठीण, पण वाळताना तडकते, म्हणून ते दारा-खिडक्यांना न वापरता खांब आणि मयालीला (छताच्या तुळईला) लावतात. धावडा चिवट, धक्का सोसणारा. त्यामुळे कुऱ्हाडीचा दांडा आणि बैलगाडीचा कणा त्याचा. बिजा या झाडाचा गाभा टिकाऊ.

सागाला वाळवी सहजी लागत नाही याचे कारण त्याच्या गाभ्यातील नैसर्गिक रसायने. सालीलगतचे पांढरे लाकूड तितके टिकत नाही. बांधावर साग लावून तो कोवळ्या वयातच विकणाऱ्या शेतकऱ्याला अपेक्षेपेक्षा कमी भाव मिळतो, त्यामागे हेच कारण आहे: झाड जाड दिसते, पण आत गाभा थोडा असतो. लागवड बहुधा सागजडीने होते. रोपवाटिकेत वाढलेले रोप उपटून, मुळाचा गाजरासारखा जाड भाग आणि खोडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेवून बाकीचे छाटतात आणि पावसाच्या सुरुवातीला ही जडी जमिनीत रोवतात. सागाचे बी कठीण कवचामुळे उगवायला अडते; ते आळीपाळीने भिजवून व उन्हात वाळवून पेरण्याची रीत आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर सागाच्या पानांची जाळी करणाऱ्या अळ्यांवर जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेने बरेच काम केले असून, ट्रायकोग्रामा हा परोपजीवी कीटक सोडून त्या आटोक्यात आणण्याचे प्रयोग त्यात आहेत. महाराष्ट्र याच संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतो.

वाळवणीबाबत विदर्भाचे हवामान जितके सोयीचे तितकेच धोक्याचे आहे. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. लाकडातले पाणी टोकांकडून फार वेगाने उडते, आतला भाग ओलाच राहतो आणि फळीला तडे जातात. त्यासाठी फळ्या सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा थप्पीत रचाव्या लागतात आणि टोकांना लेप द्यावा लागतो. शेणमातीचा लेपही काम करतो. शिवाय नागपूरच्या कोरड्या हवेत वाळलेले लाकूड कोकणातल्या पावसाळ्यात फुगते. म्हणून फर्निचरसाठी ओलावा साधारण ८ ते १२ टक्क्यांवर आणणारी वाळवण भट्टी वापरतात. ही सोय मोठ्या कारखान्यांत असते. तालुक्याच्या सॉ मिलमध्ये अजूनही क्वचितच.

महाराष्ट्र वनविकास महामंडळ (स्थापना १९७४, मुख्यालय नागपूर) या राज्य शासनाच्या कंपनीने मिश्र वनांच्या जागी सागाची लागवड मोठ्या प्रमाणावर केली. उत्पादनाच्या हिशेबात ती यशस्वी ठरली. परंतु मोह, चारोळी, तेंदू, बेहडा असलेले मिश्र वन जाऊन एकच झाड उभे राहिले की गावाचे वर्षभराचे उत्पन्न आटते. ही तक्रार पूर्व विदर्भात जुनी आहे आणि ती रास्त आहे. लाकडाच्या घनमीटरमध्ये जंगल मोजणारे संशोधन ही बाजू फार काळ नजरेआड ठेवत आले.

बांबू : ग्रामीण विदर्भापुरते बोलायचे तर संशोधनाचा सर्वांत जास्त उपयोग बांबूत झाला आहे आणि यापुढेही तिथेच होण्याजोगा आहे. येथे मुख्य जाती दोन. मानवेल कमी पोकळ, कोरड्या डोंगरउतारावरही येणारा. कटांग जाड, काटेरी, ओढ्याकाठचा. बांबूच्या बेटाला या भागात रांजी म्हणतात आणि पावसाळ्यात जमिनीतून वर येणाऱ्या कोवळ्या कोंबांना वास्ते. वास्त्यांची भाजी आवडीने खाल्ली जाते, पण सरसकट काढले तर पुढच्या वर्षीचा बांबूच उरत नाही.

तोडीचे नियम साधे आहेत आणि त्यांमागची कारणे पक्की आहेत. पावसाळ्यात तोड बंद, कारण तेव्हा वास्ते वाढत असतात. एक-दोन वर्षांचा बांबू तोडायचा नाही, तो वाळताना आक्रसतो. तीन वर्षांपुढचा घ्यायचा, तोही जमिनीलगतच्या पेराच्या जरा वर, जेणेकरून खुंटात पाणी साचणार नाही. वय ओळखायला वही लागत नाही. कोवळ्या बांबूच्या पेरांवर आवरणे चिकटलेली असतात आणि अंगावर पांढुरकी भुकटी असते. जुना झाला की हिरवा रंग पिवळट होतो आणि त्यावर डाग येतात. ठेकेदारी तोडीत बाहेरच्या कडेचे सोयीचे बांबू घेतले जात आणि रांजीचा मधला भाग गुंतून जाई. आतून जुना माल काढून बाहेरचा नवा राखणे हे कष्टाचे काम आहे आणि मजुरीचा दर त्या कष्टाला धरून नसेल तर नियम कागदावरच राहतो.

बांबूचा मोठा शत्रू भुंगा. टोपलीखाली, सुपाच्या कडेला, छताच्या वाशाखाली पिठासारखी पिवळसर भुकटी पडू लागली की आत भुंगा पोखरतो आहे असे समजावे. बांबूतल्या स्टार्चसाठी तो येतो. कापलेल्या टोकावर आयोडीनचा थेंब टाकला आणि निळा-काळा रंग आला तर स्टार्च भरपूर आहे हे कळते. शाळेच्या प्रयोगशाळेतही जमेल इतकी ही चाचणी सोपी आहे. वाहत्या पाण्यात बांबू बुडवून ठेवण्याची जुनी रीत स्टार्च कमी करते, म्हणून ती उपयोगी पडते. आधुनिक पद्धतीत बोरॅक्स व बोरिक आम्ल यांच्या सौम्य द्रावणात बांबू भिजवतात. बांबू ताजा असेल तर त्याच्या बुंध्याला नळी घट्ट बसवून दाबाने द्रावण आत सोडतात. ते आतला रस ढकलत शेंड्याकडून ठिबकू लागते. मात्र तोडीनंतर फार दिवस गेले तर आतल्या वाहिन्या बंद होतात आणि ही पद्धत चालत नाही. बोरॉन पावसाने धुऊन जाते, त्यामुळे असा बांबू घराच्या आत, छताखाली वापरायचा, कुंपणासाठी नव्हे. हा एवढा तपशील न सांगता ‘प्रक्रिया केलेला बांबू’ म्हणून माल विकला गेला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तसा उडतोही.

सुपे, टोपल्या, तट्टे विणणारे बुरूड कारागीर हे या क्षेत्रातले मूळ तज्ज्ञ. पेर किती लांब, कामटी कुठून चिरली तर सरळ निघेल, कोणत्या बांबूची साल वळवताना तुटणार नाही, हे त्यांना हाताने कळते. त्यांच्या जोडीला यंत्र, रंग, सांधे आणि नवे नमुने आणण्याचे काम मेळघाटात धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने केले. तिथे कोरकू तरुण-तरुणी शिकले आणि त्यांनी इतरांना शिकवले. शासनाने चंद्रपूर जिल्ह्यातील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. बांबूपासून राख्या, तिरंगा, फर्निचर, घरबांधणीचे भाग असे काम या केंद्राशी जोडलेल्या महिलांनी केले आहे. २०२२ मध्ये आगीने केंद्राच्या इमारतीचे मोठे नुकसान झाले. वर्ध्याला ग्रामोद्योगाची परंपरा १९३४ च्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघापासूनची; तिथल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेकडे ती परंपरा आज चालत आली आहे.

हक्क आणि संशोधन : भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये बांबूची गणना झाडात होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून इतर वनोपज) मानले आणि २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. शेतकऱ्याला आपल्याच बांधावरचा बांबू तोडायला परवाना लागत होता, तो प्रश्न त्यामुळे सुटला. गडचिरोलीतील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (साऱ्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क) मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढे जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले.

याचा संशोधनावर झालेला परिणाम थेट आहे. पूर्वी प्रश्न विचारणारे वनखाते किंवा कागद गिरणी होती, आणि प्रश्न असे : लगदा किती, टनामागे खर्च किती? ग्रामसभा विचारते की या वर्षी कोणत्या भागातली तोड थांबवावी, रांजीत किती बांबू शिल्लक ठेवावे, आणि आपला माल डेपोत पडून राहिला तर किती दिवस टिकेल. मेंढा (लेखा) गावात गावकऱ्यांनी अभ्यासगट करून जंगलाची मोजदाद केली. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने बांबू स्वतः विकायला सुरुवात केली आणि तेंदूपाने तोडणे बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटावी लागत आणि जंगलाला आगी लागत. हा निर्णय गावाच्या निरीक्षणातून निघाला आणि संशोधनाच्या दर्जाचाच आहे.

लाख व इतर वनोपज : पळसावर येणारी रंगिणी लाख गोंदिया, भंडारा व गडचिरोलीत घेतली जाते. लाखकिड्याची पिले असलेल्या काड्या, म्हणजे बीजलाख, छाटून नवी फूट आलेल्या पळसावर बांधतात. वर्षात पिके दोन : पावसाळ्यात लावून दिवाळीच्या सुमारास निघणारे कतकी, आणि तेव्हा लावून पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी निघणारे बैसाखी. रांचीजवळ नामकुम येथील लाख संशोधन संस्था (१९२४) हिने छाटणीचे वेळापत्रक, कीड नियंत्रण आणि झाडांचे गट पाडून आळीपाळीने पीक घेण्याची पद्धत घालून दिली. विदर्भात अडचण येते ती मे महिन्याच्या उन्हाची. बैसाखीतले किडे उष्णतेने मरतात आणि जुलैत लावायला बीजलाखच उरत नाही. पाण्याजवळचे, थोडी सावली असलेले पळस बीजासाठी राखून ठेवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय.

ऐन व अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे कोष आरमोरी परिसरात धिवर समाजाची कुटुंबे वाढवतात. भंडारा जिल्ह्यात टसर विणण्याची जुनी परंपरा आहे. मोहफुलांबाबत गरज अगदी साधी आहे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो आणि तीच आग जंगलात पसरते. झाडाखाली जाळी बांधली तर आग लावावी लागत नाही, फुले मातीत पडत नाहीत आणि स्वच्छ वाळलेल्या फुलाला भाव चांगला येतो. राज्याने २०२१ मध्ये मोहफुलांच्या साठवणुकीवरील निर्बंध सैल केल्यापासून माल पडत्या भावात विकून टाकण्याची घाई कमी करता येते. त्यासाठी गावात कोरडी, उंदरांपासून सुरक्षित कोठारे लागतील, आणि ती अजून थोड्याच गावांत आहेत.