मेलेली अळी फेकू नका: शेतातली बुरशी ओळखण्यासाठी आमच्या ग्राहकांना माहिती

शेतकरी बंधू-भगिनींनो,

ऑगस्टची झड लागते, चार-सहा दिवस ऊन दिसत नाही आणि सोयाबीनच्या पानांवर पांढऱ्या पडलेल्या, ताठ अळ्या दिसू लागतात. त्यांचे फोटो आमच्याकडे येतात आणि सोबत प्रश्न असतो, "पिकावर बुरशी आलीय, कोणतं बुरशीनाशक घेऊ?" या प्रश्नासाठीच हे माहितीपत्रक काढलं आहे. ती बुरशी पिकावर आलेली नसते, पीक खाणाऱ्या अळीवर आलेली असते. त्या वेळी मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक मारलं तर फुकट मिळालेली मदत मरते आणि अळ्या शिल्लक राहतात.

आम्ही जैविक निविष्ठा तयार करतो आणि विकतो. तरीही स्पष्ट सांगतो: शिवारात अळ्यांवर बुरशीची साथ आपोआप पसरली असेल, तर त्या आठवड्यात आमची बाटली घेण्याचीसुद्धा गरज नसते. आधी ओळख पटू द्या, खरेदीचं नंतर बघू.

अळी कशाने मेली?

सोयाबीनवरची तंबाखूची पाने खाणारी अळी, उंट अळी, घाटे अळी आणि मक्याच्या पोंग्यातली लष्करी अळी, या सगळ्यांना पावसाळ्यात गाठणारी मुख्य बुरशी म्हणजे मेटारायझियम रिलेयी. काही लेबलांवर आणि जुन्या पुस्तकांत तिचं नाव नोमुरिया रिलेयी असं सापडेल, बुरशी तीच. तिने मेलेली अळी पानाला पाय रोवून घट्ट चिकटलेली असते. अंग ताठ आणि कोरडं. आधी अंगभर पांढरा थर येतो आणि हवेत ओल राहिली तर एक-दोन दिवसांत तो फिकट हिरवा होतो. हा हिरवा रंग म्हणजे पिकलेले बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी. वारा आणि पावसाचे थेंब तेच पुढच्या अळीपर्यंत नेतात.

पांढरी अवस्था आणि हिरवी अवस्था मिळून एकच रोग आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. एकाच वाफ्यात काही अळ्या पांढऱ्या आणि काही हिरव्या दिसल्या, तर दोन वेगळ्या बुरश्या आल्या असं समजू नका.

आता बाकीची मरणं. अळी पानाच्या टोकाला उलटी लोंबकळते आहे, अंग लिबलिबीत झालं आहे, हात लावताच कातडी फाटून पातळ द्रव बाहेर येतो: हा विषाणूचा, म्हणजे एनपीव्हीचा रोग. तोही तुमच्या बाजूचाच आहे. अळी काळी पडून मऊ झाली आणि घाण वास आला तर जिवाणू असतात, मग ते आधीपासून असोत वा अळी मेल्यावर आलेले. अळी मलूल आहे आणि तिच्याजवळ तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, पांढरे रेशमी कोष चिकटलेले आहेत: ते परोपजीवी गांधीलमाशीचे कोष. या कोषांना बुरशी समजून फवारणी झाल्याचे प्रकार आम्हाला दर हंगामात कळतात, आणि ते ऐकून खरंच वाईट वाटतं.

उसातल्या हुमणीचं चित्र थोडं वेगळं. तिची अळी जमिनीत असते, त्यामुळे ती रोगाने मेल्याचं नांगरट किंवा खोदाई करतानाच कळतं. मेटारायझियमच्याच दुसऱ्या जातीने मेलेली हुमणी कडक होते, मोडली तर तुकडा पडतो, आणि वर गडद हिरवा थर असतो. तशीच कडक, पण वर खडूसारखी पांढरी भुकटी असेल तर ब्युव्हेरिया या दुसऱ्या कीडमार बुरशीचा संशय धरावा. या ब्युव्हेरियाला बॅसियाना हे नाव मिळालं ते इटलीच्या आगोस्तिनो बासी यांच्यावरून. रेशमाच्या किड्यांचा पांढरा रोग एका बुरशीमुळे होतो आणि तो एका किड्याकडून दुसऱ्याकडे जातो, हे त्यांनी १८३५ मध्ये मांडलं. प्राण्यांचा रोग सूक्ष्म जीवामुळे होतो, हे सिद्ध करणाऱ्या पहिल्या कामांपैकी हे एक.

एक कामाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. विषाणू किंवा बीटी (अळी मारणारा जिवाणू) अळीच्या पोटात जावे लागतात. बुरशीला त्याची गरज नाही. बीजाणू किडीच्या कातडीवर पडतो, ओल मिळाली की रुजतो आणि कातडी विरघळवून आत शिरतो. म्हणूनच मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण अशा रस शोषणाऱ्या किडींवरही बुरशी चालते. आत शिरल्यावर कीड मरायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. त्यामुळे फवारणीनंतर दुसऱ्याच दिवशी मेलेल्या किडी सापडल्या, तर त्याचं श्रेय बुरशीला देऊ नका, आमच्या बुरशीलाही नाही.

पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच असं नाही

सगळ्यात जास्त फसगत मेणामुळे होते. पिठ्या ढेकणाच्या अंगावरची पांढरी पूड आणि उसावरच्या लोकरी माव्याची लोकर, दोन्ही मेण आहे. ते कीड स्वतः तयार करते. काडीने हळूच डिवचा: जिवंत कीड पाय हलवते. टाचणीने टोचा: जिवंत पिठ्या ढेकणातून पातळ रस येतो, बुरशीने मेलेला आतून कोरडा आणि भुसभुशीत निघतो. पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात एखादा मोठा, लांब मेणाच्या झालरी असलेला आणि भरभर चालणारा जीव दिसला तर त्याला मारू नका. ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी असते आणि ती पिठ्या ढेकूणच खाते.

माव्याच्या बाबतीत रंग आणि आकार बघा. फुगलेला, तपकिरी, चकचकीत आणि पाठीवर गोल भोक असलेला मावा परोपजीवी कीटकाने मारलेला असतो. अंगावर पांढरी, कापसासारखी वाढ असेल आणि ती पानावरही किंचित पसरली असेल, तर ती बुरशी.

पावसाळ्यात खिडकीच्या काचेला चिकटून मेलेली घरमाशी बघा. पंख वर उचललेले, पोट फुगलेलं, पोटावर पांढरे पट्टे, आणि काचेवर माशीभोवती पांढरट वर्तुळ. ही एन्टोमोफ्थोरा नावाची बुरशी. ती बीजाणू दूर फेकते, वर्तुळ त्यांचंच असतं. मुलांना भिंग देऊन हे नक्की दाखवा. घरबसल्या इतका चांगला नमुना दुसरा मिळत नाही.

आता पानावरची बुरशी

इथे कीड नसते, बुरशी थेट झाडावर असते. सगळा फरक पानाची कोणती बाजू आणि बोटाने पुसल्यावर काय होतं, यात आहे.

द्राक्षावरची भुरी पानाच्या वरच्या बाजूलाही येते आणि ती राखाडी-पांढरी भुकटी बोटाने पुसली जाते. केवड्यात, ज्याला बागायतदार डाऊनी म्हणतात, वर तेलकट पिवळा डाग असतो आणि त्याच डागाच्या बरोबर खाली, पानाच्या मागे, पांढरी लव. हा फरक औषधाच्या पैशांचा आहे. केवड्याचा जीव खरी बुरशी नाहीच, तो पाण्यातल्या शेवाळांशी नातं सांगणाऱ्या वेगळ्या गटातला आहे. म्हणून गंधकाने भुरी आटोक्यात येते पण केवडा जात नाही, आणि मेटॅलॅक्झिल केवड्यावर चालतं पण भुरीला त्याचं काही वाटत नाही.

सोयाबीनच्या तांबेऱ्यात पानाच्या मागे बारीक उंच फोड असतात आणि बोटाला विटकरी भुकटी लागते. सांगली, कोल्हापूर, सातारा भागातल्या शेतकऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

काजळीचं मात्र नीट सांगायला हवं. आंब्यावर तुडतुडे, विदर्भातल्या संत्र्यावर काळी माशी, कोकणातल्या नारळावर रुगोज पांढरी माशी: या किडी रस शोषतात आणि गोड चिकट द्रव टाकतात. त्या द्रवावर काळी बुरशी वाढते. संत्रा बागायतदार तिला कोळशी म्हणतात. ती पानाच्या आत शिरत नाही, ओल्या फडक्याने पुसली जाते. पान काळं पडल्याने ऊन कमी मिळतं, नुकसान होतं, हे खरं. पण तिच्यावर बुरशीनाशक मारत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. वरच्या फांदीकडे बघा, कीड तिथे आहे.

आणखी एक बारकावा. भुरीच्या जुन्या डागाचा रंग मळकट तपकिरी झाला असेल आणि भिंगातून अतिशय बारीक गडद ठिपके दिसत असतील, तर तिथे अँपेलोमायसिस असू शकते. ही भुरीवर जगणारी बुरशी आहे. गंधक तिलाही सोसत नाही, म्हणून अशा वेलींवर फवारणीचा निर्णय आमच्याशी बोलून घ्या.

कीड आणि झाड, दोन्हीकडे राहणाऱ्या बुरश्या

आम्हाला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त ओढ याच भागाची आहे. कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीभोवती एक पांढरी बुरशी वाढते. लेकॅनिसिलियम लेकॅनी हे तिचं बाजारातलं परिचित नाव; व्हर्टिसिलियम लेकॅनी हे त्याहून जुनं. हीच बुरशी कॉफीच्या तांबेऱ्यावरही वाढते आणि त्याला दाबते. म्हणजे एकाच पानावर ती किडीलाही खाते आणि रोगालाही.

मेटारायझियमचं तर मुळांशी नातं आहे. ती पिकाच्या मुळांभोवती आणि मुळांच्या आतही राहू शकते. जमिनीतल्या किड्याला मारून त्याच्या शरीरातलं नत्र ती झाडाला पोचवते, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलं. त्यामुळे मुळावर पांढरे तंतू दिसले की लगेच मर रोग समजून आळवणी करू नका. मर असेल तर मुळाची साल सडते, मूळ किंवा खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसते, झाड कोमेजतं. मूळ पांढरं, टणक आणि झाड टवटवीत असेल तर त्या तंतूंना राहू द्या.

घरी करायची परीक्षा: ओला डबा

हवा कोरडी असली तर बुरशीने मेलेल्या किडीवर बाहेर काहीच उगवत नाही. अशी कीड नुसती कडक आणि कोरडी दिसते. तिची परीक्षा घरी होते.

झाकणाचा स्वच्छ प्लास्टिक डबा घ्या. तळाला टिपकागद उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, पिळून अंथरा. मेलेली कीड एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात मिनिटभर बुडवा, साध्या उकळून गार केलेल्या पाण्यात दोनदा धुवा आणि बाटलीच्या उलट्या टोपणावर ठेवा, म्हणजे तिला पाणी लागणार नाही. झाकण लावून डबा सावलीत ठेवा. धुण्याचं कारण सरळ आहे: अंगावर नंतर येऊन बसलेल्या बुरश्या मरतात, आतली बुरशी वाचते आणि सांध्यांमधून बाहेर येते.

तीन ते पाच दिवस रोज बघा. सांध्यांमधून दाट पांढरी वाढ आली, पुढे ती पांढरीच भुकटी राहिली तर ब्युव्हेरिया, हिरवी झाली तर मेटारायझियम, असा प्राथमिक अंदाज धरता येतो. लांब, विरळ धागे आणि त्यांच्या टोकांना काळे ठिपके आले तर ती कुजकी बुरशी, भाकरीवर येते त्याच जातीची. पिवळट हिरवी वाढ आली आणि भिंगातून बारीक देठावर सुटी सुटी गोल डोकी दिसली, तर ती अ‍ॅस्परजिलस असण्याची शक्यता मोठी. मेटारायझियमच्या थरात अशी सुटी डोकी नसतात. बीजाणू दाट उभ्या साखळ्यांनी एकमेकांना चिकटून वाढतात आणि थराची पपडी निघते. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस भुईमूग आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. तो डबा हुंगू नका, घरात उघडू नका, मास्क लावून झाकणासकट पुरून टाका.

रंगावरून अंदाज बांधता येतो, नाव ठरत नाही. मेटारायझियम अ‍ॅनिसोप्लिए म्हणून ओळखली जाणारी बुरशी प्रत्यक्षात अनेक जातींचा गट आहे, हे २००९ मध्ये डीएनए तपासणीने स्पष्ट झालं. आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार आणि मांडणी बघून प्रजातीगटापर्यंत ओळख करता येते. नेमकी जात हवी असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, तिथे ओळख करून देण्याची सेवा मिळते.

रेशीम उत्पादकांसाठी

तुतीची बाग किंवा कीटक संगोपनगृह जवळ असेल तर ब्युव्हेरिया आणि मेटारायझियमची कोणतीही फवारणी करू नका, शेजाऱ्यालाही विनंती करा. बीड-जालन्याकडे तुती वाढली आहे आणि तिच्या बांधाला सोयाबीन, मका असतोच. जी बुरशी लष्करी अळीला मारते तीच रेशीम कीटकाला मारू शकते. ताठ, पांढरा पडलेला रेशीम कीटक दिसला तर तो लगेच वेगळा काढा, चुन्यात पुरा आणि आम्हाला कळवा. अशा ग्राहकांना आम्ही ही उत्पादनं विकत नाही.

नमुना कसा पाठवाल

कीड कागदी पाकिटात किंवा कोरड्या काडेपेटीत ठेवा. ओली कीड प्लास्टिक पिशवीत घातली की वाटेतच कुजते. स्पिरिटमध्ये बुडवू नका, त्यातून बुरशी वाढवता येत नाही. पान वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत सपाट ठेवा. शक्य असेल तर पाच-सहा मेलेल्या किडी आणि दोन-चार जिवंतही पाठवा. चिठ्ठीवर पीक, गाव, तारीख आणि गेल्या १५ दिवसांत काय काय फवारलं ते लिहा. आमचंच उत्पादन असेल तर बाटलीवरचा बॅच क्रमांकही.

अहवालाला किती दिवस लागतील ते बुरशीवर अवलंबून आहे. ब्युव्हेरिया आठवडाभरात स्पष्ट होते. मेटारायझियम रिलेयी साध्या माध्यमावर नीट वाढत नाही. तिला माल्टोज आणि यीस्ट अर्क घातलेलं माध्यम लागतं, आणि तरी ती सावकाशच वाढते. तोपर्यंत शेतातल्या पांढऱ्या-हिरव्या अळ्या होत्या तिथेच राहू द्या आणि रोज सकाळी एकाच ओळीतल्या जिवंत आणि मेलेल्या अळ्या मोजून ठेवा. फवारणी करायची की थांबायचं, हे आम्ही त्या आकड्यांवरून सांगू.