एकच जंतू, पाच आवरणं

अमरावतीपासून गडचिरोलीपर्यंत म्हैस पाळणाऱ्याला घटसर्प समजावून सांगावा लागत नाही. सणसणून ताप, तोंडाला लाळ, गळ्याखाली गरम सूज, श्वासाची घरघर, आणि बरेचदा दिवस मावळायच्या आत जनावर हातचं जातं. (माणसांच्या घटसर्पाचा जंतू वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.)

ढोरांच्या घटसर्पाच्या जंतूचं नाव पाश्चुरेला मल्टोसिडा. परसातल्या कोंबड्यांना होणारा कॉलरा, ज्यावर लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास लस शोधली, तोही याच जंतूमुळे होतो. तरी कोंबड्यांमध्ये कॉलरा आला म्हणून शेजारच्या गोठ्यात घटसर्प येत नाही. असं का, ते बरंचसं जंतूच्या अंगावरच्या आवरणावरून कळतं.

हे आवरण साखरेच्या लांब साखळ्यांचं, बुळबुळीत असतं. त्यामुळे तळ्यातला मरळ हातातून निसटावा तसा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या तावडीतून सुटतो. जंतुशास्त्रज्ञ जी. आर. कार्टर यांनी १९५५ मध्ये आवरणावरून या जंतूचे गट पाडले. आज ए, बी, डी, ई आणि एफ असे पाच मानले जातात. सी पुढे वगळला गेला. कोंबड्यांचा कॉलरा बहुतेक ए गटाचा. डुकरांचं नाकाड वाकडं करणाऱ्या रोगात डी जास्त सापडतो. घटसर्प आशियात बी गटाचा, आफ्रिकेत मुख्यतः ई गटाचा.

ए गटाची लबाडी पाहण्यासारखी आहे. त्याचं आवरण हायल्युरोनिक आम्लाचं, आणि तेच द्रव्य जनावराच्या कातडीत, सांध्यात असतं. शरीराला परका ओळखूच येत नाही. प्रयोगशाळेत मात्र तो साध्या युक्तीनं पकडता येतो. बशीत त्याच्या टपोऱ्या, पाणचट वसाहती वाढत असताना हायल्युरोनिक आम्ल विरघळवणाऱ्या दुसऱ्या जंतूची एक रेघ ओढायची. रेघेजवळच्या वसाहती चपट्या पडतात, लांबच्या तशाच फुगलेल्या राहतात. रेघेजवळच्यांचं आवरण गेलेलं असतं.

प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा वाढवलं तर काही जंतू आपणहून आवरण टाकतात. फिस नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला तरी आवरण बंद होतं, आणि असा उघडा जंतू फारसा रोग करू शकत नाही.

पण आवरण कळलं म्हणजे सगळं कळलं, असं मला वाटत नाही. आपल्याकडचा घटसर्पाचा वाण बी:२. यातला आकडा आवरणाच्या खालच्या थराचा. इंग्लंडमधल्या हरणांत सापडलेल्या बी:३,४ वाणाचं आवरणही बीच, पण तो गुराढोरांना सहसा मारत नाही. उलट म्यानमारमध्ये त्याचीच जिवंत लस ढोरांच्या नाकात फवारली गेली आणि तिनं बी:२ पासून संरक्षण दिलं.

शिवाय जंतू अंगात असला म्हणजे रोग होतोच असंही नाही. निरोगी दिसणाऱ्या काही ढोरांच्या घशातल्या गाठींत तो गुपचूप राहतो. मे २०१५ मध्ये कझाकस्तानात सायगा जातीची दोन लाखांहून जास्त हरणं काही आठवड्यांत मेली. जंतू बी गटाचा होता आणि तो त्यांच्या अंगात आधीपासूनच असावा. नेहमीपेक्षा उबदार, दमट हवेत तो उसळला. आपल्याकडे उन्हाळ्यात चाऱ्यावाचून खंगलेली ढोरं मिरगाच्या पावसात भिजतात, लगेच औताला जुंपली जातात. घटसर्पाला तेवढं पुरतं.

आपल्याकडच्या घटसर्पाच्या लशीत बी:२ मारून घातलेला असतो, म्हणून कोंबड्यांच्या कॉलऱ्याची लस म्हशीला कामाची नाही. फिटकरी मिसळलेल्या लशीचा असर साधारण चार ते सहा महिने, तेल मिसळलेल्या लशीचा वर्षभरापर्यंत. टोचताना कोणती आहे ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. फिटकरीची असेल तर पुढची टोचणी कधी, तेही.