मोडीच्या ढिगातले देव

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नळाच्या तोट्या, किल्ली हरवलेली कुलपं, स्टोव्हचे बर्नर यांच्यात कुठेतरी एक पत्र्याचा डबा असतो. त्यात बोटाच्या पेरांएवढ्या पितळी आणि तांब्याच्या आकृत्या पडलेल्या असतात: घोडेस्वार, मांडी घालून बसलेली बाई, पंख मिटलेला पक्षी, नाकडोळे पुसून गेलेली कुणी देवता. विचारलं तर घोड्यावरचा प्रत्येक जण ‘मावळा’ ठरतो आणि बसलेली प्रत्येक बाई ‘लक्ष्मी’. भाव बहुतेक वेळा वजनावर. या आकृत्या कुणाच्या तरी देव्हाऱ्यात होत्या. कोणता देव, कुठल्या कारणाने घरात आला, हे कळलं की निम्मी ओळख तिथेच पटते.

मला मिळालेला एक स्वार जेमतेम दोन इंचांचा होता. चेहरा नदीच्या गोट्यासारखा गुळगुळीत, हातातलं शस्त्र अर्धं गेलेलं. घरी आणून उजेडात फिरवला, तेव्हा स्वाराला टेकून एक लहानसा उंचवटा दिसला. तिथे आणखी कुणीतरी बसलेलं होतं. घोड्याच्या पोटाखाली कुत्रा होता. खोगिराच्या खाचेत टाचणी फिरवली तर पिवळा कण निघाला, हळदीचा. स्वाराबरोबर त्याच घोड्यावर म्हाळसा, सोबत कुत्रा आणि अंगावर भंडारा, म्हणजे खंडोबा. जेजुरी, सातारा जिल्ह्यातलं पाली, कर्नाटकातलं मैलार अशा ठाण्यांमधून त्याची उपासना पसरली आणि लाखो घरांचं ते कुलदैवत झालं. रा. चिं. ढेरे आणि जर्मनीहून आलेले गुंथर सोन्थायमर या अभ्यासकांनी या दैवताच्या मागे आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली. त्यांच्यामुळेच आज आपण असा झिजका घोडेस्वार हातात घेऊन त्याच्याविषयी काही ठामपणे बोलू शकतो.

ओतीव मूर्तीपेक्षाही जास्त गोंधळ होतो तो टाकांचा. टाक म्हणजे चांदीच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली देवाची छोटी प्रतिमा, बहुधा चौकोनी, कधी वरून कमानदार. मागून पाहिलं तर तीच आकृती खोलगट दिसते. घरात असे पाच-सात टाक असायचे: खंडोबा, महिषासुराला मारणारी भवानी, भैरोबा-जोगेश्वरी आणि त्यांच्या जोडीला घरातले पूर्वज. हा शेवटचा भाग फार जणांना माहीत नसतो. घराण्यात कुणी लढाईत पडला किंवा अकाली गेला, तर त्याचा टाक करून देवात बसवत. त्याला वीर म्हणत. हातात तलवार, कधी ढाल, पायी किंवा घोड्यावर, पण शेजारी म्हाळसा नाही की कुत्रा नाही. असा टाक दिसला की मी क्षणभर थांबतो. तो कुणाचा तरी पणजोबा आहे, आणि त्याला पुजणाऱ्यांना त्याचं नाव ठाऊक होतं.

टाक पुन्हा पुन्हा घडत. भाऊ वेगळे झाले की थोरल्याकडे मूळचे देव राहत आणि धाकटा स्वतःच्या घरासाठी नवे करून घेई. लग्नकार्याआधी सोनाराकडे नेऊन टाक उजळून आणत, आणि घरचे देव मूळ ठाण्यावर भेटीला नेण्याची रीत अजूनही आहे. त्यामुळे एकाच कुळाचे, थोड्या थोड्या फरकाचे टाक वेगवेगळ्या काळातले सापडतात.

बसलेल्या बाईचं कोडं त्यामानाने सोपं आहे. दोन्ही हातांनी आडवी पळी धरलेली असेल तर ती अन्नपूर्णा. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत लग्नात गौरीहर पुजताना मुलीला माहेरून अन्नपूर्णा मिळते आणि ती तिच्याबरोबर सासरी येते. पुष्कळदा बाळकृष्णही येतो, रांगता, एका हातात लोण्याचा गोळा घेतलेला. चार पिढ्यांच्या चार सुना, म्हणजे देव्हाऱ्यात चार अन्नपूर्णा. जुन्या बाजारात त्याच इतक्या का दिसतात, त्याचं उत्तर इथे आहे.

सगळंच काही देव नसतं. आकृतीच्या बुडाशी भोक किंवा आटे असतील तर ती कशावर तरी बसवलेली होती. हंस किंवा मोर बहुधा समईच्या टोकावरचा, हात जोडलेला गरुड किंवा मारुती पूजेच्या घंटेच्या मुठीवरचा. पायांत आरपार भोकं असलेला हत्ती किंवा घोडा म्हणजे चाकं हरवलेलं खेळणं.

जुनं-नवं ओळखायला घडणीची पद्धत कामाला येते. ओतारी मेणाची मूर्ती करी, तिच्यावर मातीचा लेप चढवी, भाजताना मेण वितळून जाई आणि त्या पोकळीत धातू ओते. माती फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नसे, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत सांध्याची रेघ दिसली तर ती दोन भागांच्या साच्यातली. झीज मात्र मी सर्वांत आधी पाहतो. रोजचं स्नान, पुसणं, चिंचेने किंवा राखेने घासणं यांनी नाक, गुडघे, छाती असे वर आलेले भाग झिजतात आणि खाचा शाबूत राहतात. सगळीकडे सारखाच काळवंडलेला, खाचाही बोथट असलेला ‘प्राचीन’ देव संशयास्पद. गुळगुळीत चेहऱ्याला लोक खराबी समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. तो चेहरा पुजून पुजून गेलेला असतो.

मोठे वाडे गेले, देव्हारे भिंतीवरच्या फळीएवढे झाले, आणि जास्तीचे देव मोडीत निघाले. खरेदी करणाऱ्याने एक गोष्ट माहीत करून घ्यावी: १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार १०० वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते, धातूच्या शिल्पांना नोंदणी लागते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

त्याच डब्यांत कधी कधी एक जडशीळ काशाचा ठोकळा मिळतो. त्याच्या अंगावर नुसते खड्डे असतात, काही केल्या अर्थ लागत नाही. तो सोनाराचा ठसा. याच्यावर पत्रा ठेवून ठोकला की टाक उठे. माझ्याकडच्या ठशात मी ओल्या कणकेचा गोळा दाबला आणि अलगद सोडवून घेतला. घोडा आला, तलवार आली, आणि माझ्या स्वाराजवळ जिथे नुसता उंचवटा उरला होता तिथे म्हाळसा आली, नाकातल्या नथीसकट.