दुधाचा ताप: म्हशीचा वेगळा, डुकरिणीचा वेगळा

निपाणी-चिकोडीकडे काय नि खानापूरकडे काय, व्यालेलं जनावर बसलं आणि उठेना की आमच्या तोंडी एकच शब्द येतो, दुधाचा ताप. कन्नड बोलणारा शेजारी त्यालाच ‘हालु ज्वर’ म्हणतो. दोन्ही भाषांनी मिळून नाव चुकवलंय, कारण म्हशीच्या त्या दुखण्यात ताप नसतोच. उलट अंग गार पडतं.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या उन्हाळ्यात आलेला एक फोन. ओळखीतल्या एका पोरानं चार यॉर्कशायर जातीच्या डुकरिणी पाळल्यात. गोवा जवळ, त्यामुळे गिऱ्हाइकाची चिंता नाही. त्यातली एक आदल्या दिवशी व्याली होती, अकरा पिल्लं. “दादा, दुधाचा ताप आलाय बघा. उठत नाही, खात नाही, पिल्लांना पाजत नाही. म्हशीची कॅल्शियमची बाटली आहे घरात, लावू काय?”

म्हटलं, बाटली राहू दे, आधी थर्मामीटर लाव. पारा १०५ च्या वर गेला होता.

म्हशीचं आधी सांगतो, ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं. व्याल्यावर चिकाबरोबर कॅल्शियम भसाभस कासेत उतरतं आणि हाडांतून रक्तात यायला वेळ लागतो. तिसऱ्या वेतापासून, म्हणजे तिसऱ्यांदा व्याल्यापासून पुढच्या, जास्त दुधाच्या जनावरांना हे गाठतं, बहुधा पहिल्या तीन दिवसांत. कान हाताला गार लागतात, शेण अडतं, जनावर मान वळवून तोंड कुशीत घालून बसतं. डॉक्टर शिरेतून सावकाश कॅल्शियम देतात आणि तासा-दोन तासांत म्हैस उभी राहते. ‘सावकाश’ महत्त्वाचं, कारण भरकन सोडलेलं कॅल्शियम हृदय बंद पाडतं. बाटली स्वतः लावू नये ती त्यासाठीच. पण औषधाचा गुण इतका डोळ्यांदेखत दिसतो की ती बाटली म्हणजे जादू, असा समज पक्का होऊन बसलाय.

डुकरिणीचं दुखणं याच्या अगदी उलट टोकाचं. घोळ असा की काही इंग्रजी पुस्तकांतही त्याला मिल्क फीवर म्हटलंय. तिथे ताप खराच असतो. मूळ भानगड जंतूंची: शेणा-मुतातले जंतू सडांतून किंवा गर्भाशयातून शिरतात, बद्धकोष्ठ असेल तर आतड्यातलं विषही रक्तात उतरतं, आणि ते विष दूध तयार करणारा हार्मोनच दाबून टाकतं. म्हणजे कासेची सूज, गर्भाशयाची सूज आणि दूध आटणं, तिन्ही एकात एक गुंतलेली. प्रत्येक डुकरिणीत तिन्ही दिसतीलच असं नाही. कुठे नुसतं दूध आटतं, बाकी वरून काही कळत नाही.

कास सुजून कडक झाली की म्हशीत आपण ‘दगडी’ म्हणतो. डुकरिणीत ती ओळखायची तर बोट दाबून बघायचं. त्या पोरानं मागच्या सडाजवळ अंगठा दाबून काढला तर जागा पांढरी पडली आणि थोडा वेळ तशीच राहिली. हात ठेवला तर चटका बसावा इतकी कास गरम. डुकरीण पोटाखाली सड दाबून पालथी पडलेली, आणि अकरा पिल्लं तिच्या अंगावर चढून किंचाळत होती. सड दुखतो म्हणून ती लपवते. त्याला वाटलं होतं, उठायची ताकद नाही.

पिल्लांकडे आधी बघा असं मी म्हणतो ते उगाच नाही. डुकरीण साधारण तासाला एकदा पाजते, आणि खरं दूध उतरतं ते जेमतेम पंधरा-वीस सेकंद. पोट भरलेली पिल्लं त्यानंतर एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात. पुन्हा पुन्हा सडाला झोंबणारी, बाजूच्या पाण्याला-चिखलाला तोंड लावणारी, पाठीचा कणा दिसू लागलेली पिल्लं म्हणजे आईला दूध नाही, मग ती वरून कितीही धडधाकट दिसो. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते आणि रक्तात रोगाशी लढणारी शिदोरीही नसते, ती सगळी चिकातून मिळते, आणि तीही पहिल्या दिवसातच. रेडकू एखादं पाजणं चुकलं तर तगून जातं, डुकराचं पिल्लू एका रात्रीत गार पडतं.

थर्मामीटरबद्दल एक खोच आहे. डुकरिणीचं अंग एरवी १०२ फॅरेनहाइटच्या आसपास, पण व्याल्यावर दूध उतरताना ते १०३ पर्यंत आपसूक चढतं. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पारा १०४ च्या वर आणि शिवाय दाण्याला तोंड नाही, तेव्हा डॉक्टर बोलवायचा. स्रावाचंही तसंच. तीन-चार दिवस थोडा पांढुरका, चिकट स्राव जाणारच. घाण वास, तपकिरी किंवा लालसर रंग आणि सोबत ताप, हे मात्र गर्भाशयाचं दुखणं.

डॉक्टरांनी त्या डुकरिणीला प्रतिजैविक, सूज-ताप उतरवणारं इंजेक्शन आणि ऑक्सिटोसिन दिलं. ऑक्सिटोसिन तयार झालेलं दूध खाली सोडतं, दूध बनवत नाही, म्हणून नुसतं तेवढंच टोचून भागत नाही. चार पिल्लं त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या डुकरिणीला लावली. दोन गेली.

डुकरिणीतही कॅल्शियम कमी पडतं, पण क्वचित. तेव्हा थरथर, लटपट, झटके दिसतात. ते डॉक्टरनंच ठरवावं.

मला विचाराल तर त्या शेडात खरी गोम पाण्याची होती. पाजणारी डुकरीण दिवसाला वीस-तीस लिटर पाणी सहज पिते, आणि हा दोन बादल्या ठेवून मोकळा होत होता. एप्रिलची उकाड, त्यात व्यायच्या आधी भरपूर मका-पेंड आणि कोंडा नावालाच, म्हणून तिचं पोट आठवडाभर घट्ट. आता तो वीण जवळ आली की खुराक कमी करतो, गव्हाचा कोंडा वाढवतो, शेड धुऊन कोरडी करतो. कॅल्शियमची बाटली मात्र अजून म्हशीच्या गोठ्यातच आहे.