जलप्रलयी भूविज्ञान आणि बेळगावचे खडक

पृथ्वीवरचे बहुतेक गाळाचे खडक आणि त्यांतले जीवाश्म बायबलमधल्या नोहाच्या प्रलयात, म्हणजे वर्षभराच्या आत साचले, असे मानणारा विचार म्हणजे जलप्रलयी भूविज्ञान. पृथ्वीचे वय त्यात सहा ते दहा हजार वर्षे धरतात. जॉर्ज मक्रेडी प्राइस यांनी १९२३ च्या ग्रंथात तो सविस्तर मांडला. व्हिटकॉम्ब व मॉरिस यांच्या १९६१ च्या ग्रंथाने अमेरिकेत पसरवला. शास्त्रीय भूविज्ञान पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानते.

मनू आणि मत्स्याची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला असा प्रलय खरेच झाला का, हा प्रश्न परका नाही. त्याचा निवाडा मात्र खडकातच करायला हवा, आणि त्यासाठी बेळगाव जिल्हा फार चांगली जागा आहे.

गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते ती कलादगी खोऱ्यातल्या, म्हणजे प्राचीन गाळ साचलेल्या खोलगट भूभागातल्या, वालुकाश्माच्या कड्यावरून. ५४ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या प्रोटेरोझोइक कल्पातला हा खडक. कलादगीच्या फरशीवर हात फिरवला की वाळूवरच्या लाटांच्या वळ्या बोटांना लागतात. ओढ्याच्या उथळ पात्रात आजही तशाच उमटतात. याच परिसरात या खडकांवर दक्षिण ट्रॅपचा, म्हणजे थरावर थर निवालेल्या लाव्ह्याचा, काळा कातळ बसला आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मधली निदान ४७ कोटी वर्षे तिथे थरच नाहीत: जे होते ते झिजून गेले किंवा साचलेच नाही.

ट्रॅपमध्ये लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये जागोजाग तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. खालचा लाव्हा निवाला, उघड्यावर हवापाण्याने कुजून त्याची माती झाली, मग वरचा लाव्हा येऊन ती भाजली. हे सगळे प्रलयाच्या पाण्याखाली, काही महिन्यांत कसे व्हावे? या प्रश्नाला प्रलयवाद्यांकडे पटण्याजोगे उत्तर नाही.

मोठी संकटे भूविज्ञानालाही मान्य आहेत. ट्रॅपचा लाव्हा हेच त्यातले एक. पुराचा गाळ तर इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा-वेदगंगेचा पूर ओसरल्यावर घरातली राड फावड्याने ओढून काढावी लागली. सगळी कालवलेली माती, जिच्यात ना वळ्यांच्या थरांवर थर, ना मध्ये भाजलेली तांबडी पट्टी.

इंग्लंडचे अ‍ॅडम सेजविक हे धर्मगुरू आणि भूवैज्ञानिकही. जगभरच्या गाळाचे ढीग एकाच प्रलयाचे, हे आपले मत चुकले, असे त्यांनी १८३१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत उघडपणे सांगितले.

जांबोटी-कणकुंबीकडे ट्रॅपवर जांभा आहे. लाव्हा थंड झाल्यावर पाऊस आणि उन्हाच्या लाखो वर्षांच्या आलटापालटीत तो तयार झाला. खानापूरकडच्या जुन्या घरांच्या भिंतींत तेच तांबडे चिरे आहेत.