अवयवदान संकल्प

अवयवदान संकल्प : मृत्यूनंतर आपले अवयव व ऊती गरजू रुग्णांना मिळाव्यात, अशी इच्छा हयातीतच लेखी नोंदवून ठेवण्याची पद्धत. बोलीभाषेत याला ‘अवयवदानाचा फॉर्म भरणे’ म्हणतात. भारतात ही नोंद मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ आणि २०१४ च्या नियमांनुसार होते. प्रत्यक्ष दान पुढे कधीतरी, एखाद्या अतिदक्षता विभागात होते. त्या वेळी दात्याला बोलता येत नसते. त्याच्या वतीने बोलायचे ते घरच्यांनी. म्हणून संकल्पपत्रावरच्या सहीइतकेच, किंबहुना तिच्याहूनही जास्त, महत्त्व ती सही घरात ठाऊक असण्याला आहे.

कायद्याची वाटचाल : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. पुढे दीर्घकाळ या क्षेत्रात फारसे काही घडू शकले नाही. हृदय थांबणे म्हणजेच मृत्यू, अशी तेव्हा कायद्याची समजूत होती आणि थांबलेले हृदय दुसऱ्याला बसवण्याच्या उपयोगाचे राहत नाही. १९९४ च्या कायद्याने मेंदूच्या खोडाचा (श्वास चालवणाऱ्या भागाचा) मृत्यू हाही, हृदय धडधडत असले तरी, मृत्यू मानला आणि ही कोंडी फुटली. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. त्या दिवसाची आठवण म्हणून २०२३ पासून ३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन पाळला जातो. कायदा सुरुवातीलाच, ४ फेब्रुवारी १९९५ पासून, लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही होती. मुंबईत यशस्वी हृदयप्रत्यारोपण व्हायला मात्र ऑगस्ट २०१५ उजाडावा लागला. ते हृदय पुण्याहून आले होते.

नोंदणी : अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही संकल्प करता येतो. कागदावर करायचा तर ‘नमुना ७’ भरतात. कोणते अवयव द्यायचे (हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड) आणि कोणत्या ऊती द्यायच्या (नेत्रपटल, त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा) यांवर खुणा करायच्या, सही करायची आणि दोन साक्षीदार घ्यायचे. त्यांपैकी किमान एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. ही अट वरवर किरकोळ वाटते, पण फॉर्ममधली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच आहे. घरातल्या एकाला तरी सांगितल्याशिवाय हा कागद पुराच होत नाही.

आता बहुतेक लोक संगणकावर किंवा मोबाईलवर नोंदणी करतात. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेने (नोटो) सप्टेंबर २०२३ मध्ये आधार क्रमांकाशी जोडलेली सोय सुरू केली. रक्तगट आणि अडीअडचणीला संपर्क करायच्या व्यक्तीची माहिती भरली की प्रमाणपत्र मिळते. शुल्क नाही, वैद्यकीय तपासणी नाही. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, वय झाले आहे, म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. अवयव घेण्याजोगे आहेत की नाहीत ते डॉक्टर त्या वेळी ठरवतात. वाहन परवान्याच्या अर्जातही अपघाती मृत्यू झाल्यास अवयव देण्याची तयारी नोंदवता येते. संकल्प केव्हाही मागे घेता येतो. आपला अवयव अमक्यालाच मिळावा, अशी अट मात्र घालता येत नाही.

ही इच्छा मृत्युपत्रात लिहून ठेवणारेही भेटतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण मृत्युपत्र बहुधा दिवसकार्य आटोपल्यावर उघडले जाते आणि अवयवांच्या हाती काही तासच असतात. हृदय साधारण चार ते सहा तासांत नव्या शरीरात जावे लागते, यकृत आठ ते बारा तासांत. मूत्रपिंड चोवीस तास आणि थोडे अधिकही थांबते.

मेंदूमृत्यू : हृदय, यकृत, फुप्फुसे यांचे मरणोत्तर दान जवळजवळ नेहमी मेंदूमृत व्यक्तीकडूनच होते. डोक्याला जबर मार लागणे किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव होणे ही त्याची नेहमीची कारणे. मेंदूचे खोड श्वास चालवते. ते मेले की श्वास कायमचा थांबतो. हृदयाला स्वतःची लय असते, त्यामुळे व्हेंटिलेटर प्राणवायू पुरवत राहिला तर ते आणखी काही काळ धडधडत राहते. घरच्यांची खरी कसोटी इथे लागते. अंग गरम असते, छाती वरखाली होते, पडद्यावर रेघ हलत असते, आणि डॉक्टर सांगतात की माणूस गेला. यावर विश्वास न बसणे हा अडाणीपणा नव्हे. आपल्या हाताला लागणारी ऊब खोटी कशी मानायची?

बेशुद्धी म्हणजे मेंदूमृत्यू नव्हे. बेशुद्ध रुग्णाच्या मेंदूचे खोड जिवंत असते आणि तो परत येऊ शकतो; मेंदूमृत्यूतून परतीची वाट नाही. म्हणूनच कायद्याने तपासणी कडक ठेवली आहे. चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही त्यात चालत नाही. बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का, कानात थंड पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, घशाला स्पर्श होताच उबळ येते का, हे पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करून रुग्ण आपणहून एक तरी श्वास घेतो का, ते पाहतात. किमान सहा तासांनी हे सारे पुन्हा करतात.

घरच्यांचा होकार : मृताने साक्षीदारांसमोर लेखी संमती दिली असेल आणि ती मागे घेतल्याचे दिसत नसेल, तर तिला कायदा मान देतो. व्यवहारात मात्र नातेवाईकांच्या सहीशिवाय भारतात कोणी पुढे जात नाही. नमुना ७ वरही लिहिलेले असते की अवयवदान हा कुटुंबाचा निर्णय आहे, तेव्हा घरच्यांशी बोलून ठेवा. स्पेनने १९७९ मध्येच, नकार नोंदवला नसेल तर संमती आहे असे मानण्याचा कायदा केला; तरी तिथेही कुटुंबाला विचारतातच.

विचारण्याचे काम प्रामुख्याने रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाकडे असते. मृत्यूची बातमी आधी पोचू द्यायची, मग विषय काढायचा, ही त्याची शिस्त. त्या घटकेला पत्नी कोसळलेली असते, भाऊ गावाहून निघालेला असतो, एखादे काका म्हणतात, ‘देहाची चिरफाड नको’. अशा वेळी ‘त्यांनी स्वतः फॉर्म भरला होता, मला दाखवला होता’ असे म्हणणारे एक माणूस निघाले की बोलण्याचा रोखच बदलतो. आपण काय ठरवावे, हा प्रश्न उरत नाही. त्यांना काय हवे होते, एवढेच आठवायचे असते. हे ओझे घरच्यांच्या डोक्यावरून उतरवणे हाच संकल्पाचा सर्वांत मोठा उपयोग मानावा लागतो.

शंका त्याच त्या असतात. शस्त्रक्रियेनंतर देह टाके घालून नीट परत देतात. अंत्यदर्शन व अंत्यविधी नेहमीप्रमाणे होतात. अवयव काढण्याचा आणि त्यासाठी देह सांभाळण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळेपण येते, ही समजूत अजून ऐकू येते. पण वज्रासाठी स्वतःच्या अस्थी देणारे दधीची ऋषीही याच परंपरेतले आहेत. अवयव विकणे किंवा विकत घेणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. वाटप प्रतीक्षायादीनुसार, रक्तगट, तातडी, थांबण्याचा काळ असे निकष लावून होते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे ते पाहतात.

गरज आणि दान यांत प्रचंड अंतर आहे. भारतात २०१३ मध्ये ४,९९० प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ मध्ये ती १८,००० च्या वर गेली. पण त्यांतले बहुतेक अवयव जिवंत नातेवाईकांनी दिलेले होते. मरणोत्तर दाते देशभरात वर्षाला हजाराच्या आसपासच असतात.

घरी आलेला मृत्यू : संकल्प केलेल्या बहुतेकांना मृत्यू मेंदूमृत्यूच्या वाटेने येणार नाही. हृदय थांबून घरी मरण आले तर यकृत किंवा हृदय देता येत नाही. डोळे आणि त्वचा देता येतात. देहदान ही निराळी गोष्ट आहे. त्यात अख्खा देह शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातो, त्याचा फॉर्म वेगळा, आणि शवविच्छेदन झालेला देह तिथे घेत नाहीत. नेत्रदान केलेला देह मात्र चालतो. नेत्रदानासाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसे पोचावी लागतात. तोवर घरच्यांनी पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, उशी देऊन डोके थोडे उंच करावे, पंखा बंद करावा आणि डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घेऊन ठेवावा.