टीसीएलचं पोतं

कोल्हापुरात महापूर येऊन गेला की गल्लीच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ ओढली जाते. २००५ ला ओढली, २०१९ ला ओढली, २०२१ ला पुन्हा ओढली. भिंतीवर चिखलाची खूण असते, दारात भिजलेल्या गाद्या आणि वह्यांचे ढीग असतात आणि त्या सगळ्यावर एक झणझणीत वास तरंगत असतो. ‘औषध मारून गेले,’ असं म्हणून माणसं निर्धास्त होतात. महापालिकेपासून ग्रामपंचायतीपर्यंत या औषधाचं नाव एकच, टीसीएल. दुकानात ते ब्लीचिंग पावडर म्हणून मिळतं आणि शाळेच्या पुस्तकात विरंजक चूर्ण म्हणून भेटतं.

टीसीएल हे कंपनीचं नाव असावं असं अनेकांना वाटतं. ही तीन अक्षरं ‘ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम’ची आहेत. उष्ण प्रदेशात साधी ब्लीचिंग पावडर टिकत नाही, हवेतली ओल ओढून मरते. म्हणून तिच्यात जादा कळीचा चुना घालून ओल आधी चुन्यानं प्यावी, अशी सोय केली गेली. उष्ण मुलखासाठी केलेली पावडर म्हणून ट्रॉपिकल. तिच्या नावातच तिचा कच्चा दुवा सांगितलेला आहे.

मी हे लिहायला बसलो ते एका पोत्यामुळे. २०१९ चा पूर ओसरल्यावर शिरोळ तालुक्यातल्या एका गावात मदतीला गेलो होतो. तिथल्या भांडाराच्या खोलीत टीसीएलचं पोतं तोंड उघडं टाकून पंपाच्या डिझेलच्या कॅनला टेकवून ठेवलं होतं. शेजारी युरियाची गोणी होती आणि वरून कौलातलं पाणी ठिबकत होतं. पोत्यावर हात ठेवला तर ते कोमट लागलं. हे इथं कुणी ठेवलं, असं विचारल्यावर तिथला माणूस अगदी सरळपणे म्हणाला, ‘‘पावडरच हाय की सर, तिला काय हुतंय?’’

त्याच्या प्रश्नाचं उत्तर सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात आहे.

कार्ल शीले या स्वीडनमधल्या रसायनतज्ज्ञानं १७७४ मध्ये एक हिरवट पिवळा, घसा धरणारा वायू मिळवला. त्याला क्लोरीन हे नाव १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीनं दिलं. हा वायू रंग खातो हे हेरलं ते फ्रान्सच्या बेर्तोलेनं, १७८५ च्या सुमारास. तोवर युरोपात कापड पांढरं करायचं म्हणजे ते क्षाराच्या पाण्यात उकळायचं, आंबट ताकात भिजवायचं आणि कुरणावर उन्हात पसरायचं. हे महिनेच्या महिने चाले. क्लोरीनमुळे ते काम दिवसांवर आलं, पण वायू कामगारांच्या छातीत जाई आणि गाडीत घालून गावोगाव नेता येत नसे. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं १७९९ मध्ये विझवलेल्या कोरड्या चुन्यावर क्लोरीन सोडून पावडर करण्याचं पेटंट घेतलं. चुन्यात कोंडलेला वायू पिंपात भरून कुठंही धाडता येऊ लागला.

म्हणजे आपण गटारीवर मारतो ती पावडर मुळात कापडधंद्याची. इचलकरंजीकराला हे वेगळं सांगायला नको. तिथल्या प्रोसेसमध्ये आजही कोरं कापड पांढरं करताना हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) नाहीतर हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. दोन्ही एकाच जातीची रसायनं, ज्यांना आपली पाठ्यपुस्तकं ‘ऑक्सिडक’ म्हणतात. ऑक्सिडक समोरच्या पदार्थाचे इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. समोर कापडाचा रंग असेल तर रंग जातो, जंतूचं कवच असेल तर जंतू मरतो, डिझेल असेल तर ते तापतं आणि पेटूही शकतं. पावडरीला यातला भेद कळत नाही. पुढच्या दोनशे वर्षांत माणूस जे शिकत गेला, ते तिची गाठ कशाशी घालावी आणि कशाशी कधीच पडू देऊ नये, एवढंच होतं.

त्या शिक्षणाची किंमत आधी कारखान्यातल्या माणसांनी मोजली. क्लोरीन मुरलेली पावडर खोलीतून फावड्यानं पिंपात भरणारे इंग्लंडमधले मजूर तोंडाला फ्लॅनेलच्या जाड घड्या करकचून बांधत आणि त्यातूनच श्वास घेत. मुखपट्टीची आपली ओळख कोरोनापासूनची. या धंद्यात ती एकोणिसाव्या शतकातच होती.

पावडर जंतू मारते हे कळण्याआधी ती दुर्गंधी मारते हे कळलं. जनावरांची आतडी धुऊन तात करणाऱ्या पॅरिसच्या कारखान्यांतली घाण घालवायला लाबारॅक या औषधनिर्मात्यानं १८२० च्या दशकात हायपोक्लोराइटचे द्राव वापरले. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसनं १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, तेही प्रेताचा वास हाताला राहू नये म्हणून. शंभरातल्या दहाहून अधिक बाळंतिणी दगावत होत्या. प्रमाण दोनच्या आसपास उतरलं. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला मानलं नाही. रोगजंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता.

पिण्याच्या पाण्यात ही पावडर घालायला त्यानंतर आणखी पन्नास वर्षं लागली. १८९७ मध्ये इंग्लंडच्या मेडस्टन गावात विषमज्वराची साथ आल्यावर नळ धुऊन काढायला ती वापरली. १९०५ मध्ये लिंकन शहरात अलेक्झांडर ह्यूस्टननं साथ आटोक्यात आणायला पाण्यात सतत हायपोक्लोराइट सोडलं. १९०८ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या जलाशयावर जॉन लीलनं कुणाची परवानगी न घेता ब्लीचिंग पावडरीचा द्राव सुरू केला. प्रकरण कोर्टात गेलं. लोकांना विष पाजता काय, असाच सूर होता. कोर्टानं लीलची पद्धत मान्य केली आणि काही वर्षांत शहरामागून शहर तिच्याकडे वळलं. मला या गोष्टीत लीलच्या धाडसाइतकंच त्याचं मोजमाप महत्त्वाचं वाटतं. किती पाण्याला किती पावडर, हे त्यानं आधी ठरवलं होतं.

आपल्याकडे याच सुमाराला विहिरीत पडत होतं ते दुसरं ऑक्सिडक, पोटॅशियम परमँगनेट. आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिननं १८९० च्या दशकात पटकी रोखायला विहिरीत परमँगनेट टाकण्याचा धडाका लावला आणि जांभळं पाणी हिंदुस्थानभर ओळखीचं झालं. कोल्हापूर संस्थान त्याच दशकाच्या अखेरीला दुष्काळ आणि प्लेग यांच्या कात्रीत सापडलं होतं, आणि नुकतीच राज्यसूत्रं हाती घेतलेले शाहू महाराज दोन्हींशी झुंजत होते. ‘विहिरीत औषध टाकलंय’ हे वाक्य त्या काळापासूनचं असावं, असं मला वाटतं. पुढं परमँगनेटची जागा ब्लीचिंग पावडरीनं घेतली, वाक्य तेच राहिलं.

मोजून घालायचं साधन आलं ते सैन्यातून. ब्रिटिश लष्करातले डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांची पेटी आपले वैद्यकीय विद्यार्थी आजही शिकतात. तिच्यात सहा पांढरे कप, एक काळा कप आणि दोन ग्रॅमचे चमचे असतात. काळ्या कपात पावडरीचा द्राव करायचा आणि विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या सहा कपांत तो पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असा चढत्या क्रमानं सोडायचा. अर्ध्या तासानं स्टार्च-आयोडाइडचे थेंब घातले की ज्या कपात प्रथम निळा रंग येतो, त्याच्या क्रमांकाला दोननं गुणायचं. तिसरा कप निळा झाला तर ४५५ लिटर पाण्याला ६ ग्रॅम पावडर. पाणी जितकं घाण, तितका निळा रंग उशिराच्या कपात. पावडर आधी घाणीवर खर्च होते आणि उरली तर जंतूंकडे वळते, हे डोळ्यांसमोर दाखवणारी याच्याइतकी सोपी युक्ती मी पाहिलेली नाही.

पुराच्या दिवसांत नेमकं हेच विसरलं जातं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ४३ फुटांच्या धोका रेषेवर जाते. २०१९ आणि २०२१ ला ती ५५ फुटांच्या वर गेली, बालिंगा आणि शिंगणापूरचे पंप पाण्याखाली गेले आणि आजूबाजूला पाणीच पाणी असलेलं शहर टँकरच्या रांगेत उभं राहिलं. अशा वेळी गढूळ पाण्यात मूठभर जास्त पावडर टाकली की काम झालं असं वाटतं. गाळ ती पावडर खाऊन टाकतो. आधी तुरटी फिरवून पाणी निवळायला हवं, मग टीसीएल. चांगल्या पावडरीचं साधं प्रमाण १,००० लिटरला २.५ ग्रॅम आहे, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरला २५ ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या आणि पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीला ९० ग्रॅमच्या आत भागतं. तासाभरानं पाण्यात लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला, तर डोस लागू पडला.

शिल्लक क्लोरीन तपासायची ती ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट गावोगावच्या जलसुरक्षकांना पाठ असते. थेंब टाकले, पाणी पिवळं झालं, क्लोरीन आहे. ती रोजच्या रोज का करायची, ते २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीनं पाहिलं. हेपटायटिस ई च्या विषाणूनं काविळीची साथ पसरली आणि माणसं गेली. हा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून येतो. जयंती आणि दुधाळी नाल्यांचं सांडपाणी पंचगंगेत मिसळत असताना नदीकाठच्या खालच्या गावांची सगळी भिस्त शेवटी या पावडरीवर येते. हे ओझं पावडरीनं एकटीनं वाहावं ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

आता त्या कोमट पोत्याकडे येतो. ताज्या पावडरीत साधारण एक तृतीयांश वजनाइतका उपयोगी क्लोरीन असतो. तोंड उघडं राहिलं, ऊन-ओल लागली की तो आठवड्या-आठवड्याला घटत जातो आणि शेवटी हातात फक्त चुना उरतो. तो विहिरीत टाकून गाव निश्चिंत झोपतं. हे नुकसान निमूटपणे होतं. उलट बाजूला, मोठ्या ढिगात थोडंसं पाणी शिरलं तर उष्णता तयार होते, आत कोंडते आणि विघटन वेग घेतं.

टीसीएलची जास्त तीव्र भावंडं काय करतात ते जगानं पाहिलं आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘डीजी हार्मनी’ हे मालवाहू जहाज पेटून कायमचं निकामी झालं. कंटेनरमधलं कॅल्शियम हायपोक्लोराइट आपसूक तापत गेलं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या लेक चार्ल्सजवळ लॉरा चक्रीवादळानं कारखान्याचं छप्पर उडवलं, पावसाचं पाणी जलतरण तलावांच्या क्लोरीनच्या साठ्यावर पडलं आणि आग लागून क्लोरीनचे लोट निघाले. आपलं टीसीएल त्या मानानं सौम्य आहे. पण पुराचं पाणी आणि गळकं छप्पर ही जोडी आपल्याकडे दरवर्षी येते, म्हणून लेक चार्ल्सची गोष्ट मला फार दूरची वाटत नाही.

टीसीएल ठेवायचं ते झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात, जमिनीपासून उंच, कोरड्या आणि हवेशीर खोलीत. लोखंडी मांडणी नको, क्लोरीन ती खातो. डिझेल, ऑइल, रंग, भुसा, गोणपाट आणि कीटकनाशकं त्या खोलीत नकोत, आणि युरियासारख्या खतांशी तर तिची गाठ पडताच कामा नये. द्राव करताना बादलीतल्या पाण्यात पावडर घालायची, पावडरीच्या ढिगावर पाणी ओतायचं नाही. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. ढवळून दहा मिनिटं ठेवलं की चुना तळाशी बसतो. वरची निवळ तेवढी विहिरीत सोडायची. हातमोजे, चष्मा आणि तोंडाला मास्क. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धूत राहायचं आणि मग दवाखाना.

घरातला धोका वेगळा आहे. संडास धुताना ॲसिडची बाटली आणि टीसीएल एकत्र आलं की कोंडलेला क्लोरीन मोकळा होतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी ज्या वायूपासून कामगार वाचावेत म्हणून तो चुन्यात बसवला, तोच वायू बंद मोरीत आपल्या समोर उभा राहतो. तो हवेपेक्षा अडीच पट जड असतो, त्यामुळे खाली बसायचं नाही, उघड्यावर आणि वारा जिकडून येतो त्या अंगाला उंचावर जायचं. पूर ओसरल्यावर गोठ्यात सढळ हातानं टीसीएल मारण्याची आपल्याकडची रीतही तपासायला हवी. गोमूत्रातल्या अमोनियाशी ते मिळून क्लोरामाइनचे वायू निघतात, दावणीला बांधलेल्या जनावराला पळताही येत नाही. गोठा आधी भरपूर पाण्यानं धुवावा, जनावरं बाहेर काढावीत आणि मगच पातळ द्राव वापरावा.

आगीबद्दल एक गोष्ट ऑफिसातल्या माणसांनी आवर्जून जाणावी. भिंतीवरच्या साध्या एबीसी अग्निशामकात अमोनियम फॉस्फेट असतं, ते या पावडरीला चालत नाही. हवा कोंडूनही ही आग विझत नाही, कारण ऑक्सिजन पावडरीच्या पोटातच आहे. लांबून भरपूर पाणी मारायचं, आणि तेही अग्निशमन दलाला बोलावून.

त्या दिवशी आम्ही चौघांनी पोतं उचलून व्हरांड्यात कोरड्या फरशीवर आणलं, पावडर प्लॅस्टिकच्या कोरड्या घमेल्यांतून पातळ पसरली आणि वाफ जाऊ दिली. जमिनीवर सांडलेली पावडर तो माणूस भुश्यात मिसळून झाडायला निघाला होता, त्याला थांबवलं. ती कोरड्या केरसुणीनं वेगळी गोळा केली, पोत्यात परत घातली नाही, चिमूट चिमूट करून पाण्यानं भरलेल्या पिंपात विरघळवली. उरलेल्या पावडरीचा नमुना तपासायला गेला. विहिरीत टाकण्याजोगा क्लोरीन त्यात राहिलेला नव्हता.